पडल्याचं ओळखणारा पट्टा : एकतर ढिम्म, नाहीतर बोंब. मदत हवी आहे

घाईत_आहे
आजी एकटी राहते, तिच्यासाठी ईएसपी-३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर) आणि एमपीयू-६०५० (हालचाल, दणके मोजणारी सेन्सर चिप) वापरून पट्टा केलाय. तिन्ही अक्षांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढतो. मर्यादा ३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट) ठेवली तर गादीवर धाडकन अंग टाकलं तरी ढिम्म. १.८ वर आणली तर टाळी वाजवली, खुर्चीत बसलं, की लगेच बोंब. कोड बरोबर आहे, 'कोड टाका' म्हणू नका. मर्यादा किती ठेवायची तेवढा आकडा सांगा. आगाऊ धन्यवाद.

सोल्डरची_वाफ
मनगटावर की कमरेला? सेन्सरची रेंज (जास्तीत जास्त किती जी मोजतो ती) किती? सेकंदाला किती रीडिंग? आजी काठी वापरतात का?

रेडीमेड_बरं
एवढा उपद्व्याप कशाला? ॲपल वॉचमध्ये ही सोय २०१८ पासून, सिरीज ४ पासून आहे. जोरात पडल्यावर माणूस मिनिटभर हलला नाही तर ते स्वतःच फोन लावतं.

सोल्डरची_वाफ
आणि ते चार्जिंगला रोज कोण लावणार? आजी एकट्या आहेत, वाचलं ना?

कुमुदताई
आधी हे सांग, त्या पडतात का? झोपून उठल्यावर बीपी तपासा. उभं राहिल्यापासून ३ मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना गोळ्या दाखवा. तासाभराहून जास्त वेळ जमिनीवर पडून राहिलं तर स्नायूंची हानी होते आणि त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो. तेव्हा अलार्म हवाच, पण न्हाणीघरात धरायला दांडा आधी लावा.

घाईत_आहे
ताई, बीपी बघतो, पण प्रश्न तो नाही. पट्टा मनगटावर आहे. काठी नाही. रेंज असते तीच, मी काही बदललेलं नाही.

सोल्डरची_वाफ
मग तिथेच घोडं पेंड खातंय. तुम्ही वापरलेल्या तयार कोडने (लायब्ररीने) रेंज बदलली नसेल तर एमपीयू चिप ±२ जी वर सुरू होते. दणका ६ जीचा असला तरी त्या अक्षावर आकडा २ लाच अडकतो. तिन्ही अक्ष एकदम भरले तरच वर्गमूळ ३.४६ पर्यंत जाईल. तुमची ३ ची मर्यादा ओलांडायची कुणी? चिपच्या रजिस्टर (सेटिंगचा कप्पा) हेक्स १सी मध्ये हेक्स १८ लिहा, म्हणजे ±१६ जी होईल. आणि मग चिपचा कच्चा आकडा जीमध्ये आणताना १६३८४ ऐवजी २०४८ ने भागा, नाहीतर पुन्हा इथेच याल.
गादीवर उड्या मारून काही कळत नाही, गादी दणका गिळते. एका आकड्यावरही विसंबू नका. आधी क्षणभर ०.५ जीच्या खाली (पडताना शरीर तरंगतं तेव्हा), मग दणका, मग शरीराचा कोन बदललेला आणि हालचाल बंद, या क्रमाने तपासा. टाळीनंतर कोणी निपचित पडत नाही. जमलं तर पट्टा कमरेला न्या. पडताना माणूस हात झाडतो, त्यामुळे मनगटावरचा पहिला टप्पा गढूळ येतो.

विदाप्रेमी
मर्यादांचा जमाना गेला. सिसफॉल हा माणसं पडतानाच्या सेन्सर-नोंदींचा विदासंच घ्या, त्यावर छोटं न्यूरल नेटवर्क शिकवा, विषय संपला.

सोल्डरची_वाफ
त्यातलं पडणं जवळजवळ सगळं तरुणांनी मुद्दाम केलेलं आहे. ज्येष्ठांपैकी एकानेच पडून दाखवलंय, आणि तोही ज्युदो खेळणारा! शिवाय तिथे सेन्सर कमरेला होता, यांचा मनगटावर आहे.

विदाप्रेमी
मग तुमचा ०.५ तरी कोणत्या आजींवर तपासलाय? (हलके घ्या.)

घाईत_आहे
१६ जी केलं, तीन टप्पेही टाकले. टाळी आणि बसणं दोन्ही गप्प. पण पलंगावरून घसरत हळूच खाली बसलो तर काहीच कळत नाही.

विदाप्रेमी
बॅरोमीटर (हवेचा दाब मोजणारा सेन्सर) जोडा, उंची उतरलेली दिसेल.

सोल्डरची_वाफ
बीएमपी-२८० या बॅरोमीटर चिपची उंचीतला फरक मोजण्याची अचूकता साधारण ±१ मीटर. पलंग तेवढा उंच नसतोच. दार आपटलं तरी दाब हलतो. घसरून बसण्यात ना तरंगणं, ना दणका. त्याला मोठं बटण द्या. खोटा अलार्म रद्द करायलाही तेच चालेल.

कुमुदताई
आणि पट्टा पाण्यात चालतो का? आंघोळीला काढून ठेवतील, आणि घसरायची भीती तिथेच जास्त.

रेडीमेड_बरं
वॉच पाण्यात चालतं.

घाईत_आहे
बटण लावतो. पाण्याचं बघावं लागेल, सध्या डबी उघडीच आहे. वायफाय सतत चालू ठेवल्याने बॅटरी दिवसभरही पुरत नाही, त्यासाठी वेगळा धागा काढतो.