रूळ टाकणं वेगळं, रेल्वे कंपनी चालवणं वेगळं

'रेलरोड टायकून' आणि 'ओपनटीटीडी' हे वाहतूक कंपनी चालवायचे कॉम्प्युटरवरचे खेळ एकाच जातीचे आहेत, असं काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही.

'रेलरोड टायकून ३' (२००३) हा मुळात बाजाराचा खेळ आहे. त्यात प्रत्येक मालाचा भाव जागेनुसार बदलतो. एकाच गावात कोळसा ओतत राहिलात की तिथला भाव पडतो, मग दुसरं गिऱ्हाईक शोधा. शिवाय शेअरची खरेदी-विक्री आहेच. रूळ कमी टाकूनही माणूस श्रीमंत होतो.

१९९५ च्या 'ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स'वरून तयार झालेल्या ओपनटीटीडीत तसं नाही. तिथे माल किती, किती लांब नेला आणि किती वेळात पोचवला, यावर पैसे मिळतात. कितीही ओता, भाव पडत नाही. खरी परीक्षा सिग्नलची! मी एकदा हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही मार्ग छेदणारं आपलं नागपूर त्यात उभारलं. साधे ब्लॉक सिग्नल (रुळाच्या एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी सोडणारे) लावले आणि चारही बाजूंच्या गाड्या एकमेकींची वाट बघत उभ्या राहिल्या. पाथ सिग्नल (गाडीपुरता मार्ग राखून, मार्ग आडवे येत नसतील तर एकाच टप्प्यात अनेक गाड्या सोडणारे) लावून एक मार्ग पुलावरून नेला, तेव्हा कुठे सुटका झाली. त्यात तीन रात्री गेल्या, पण इतका आनंद दुसऱ्या कुठल्या खेळाने दिला नाही. आता खरीखुरी गाडी स्टेशनबाहेर आउटर सिग्नलला थांबली की मला राग येत नाही, पुढचा कुठला मार्ग अडला असेल तेच डोक्यात चालू होतं.

'रेल्वे एम्पायर' हा रेल्वेचाच आणखी एक खेळ दिसायला देखणा आहे, पण सिग्नलची खोली त्यात नाही.

नवीन माणसाने ओपनटीटीडीच घ्यावा. फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो.