‘साखर विरहित’ बिस्किटं आणि माल्टोडेक्स्ट्रिन

‘साखर घातलेली नाही असं पाकिटावर लिहिलंय, म्हणजे मधुमेहींना बिस्किटं बिनधास्त चालतील’ हा अनेकांचा समज धोक्याचा आहे. घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिन आहे का ते आधी पाहा. ते स्टार्चपासून बनतं, फारसं गोड लागत नाही आणि पोषणतक्त्यात ‘साखर’ या ओळीत बहुतांशी मोजलंच जात नाही. रक्तातली साखर मात्र ते नेहमीच्या साखरेपेक्षाही झपाट्याने वाढवू शकतं.

म्हणून ‘एकूण कर्बोदके’ ही ओळ वाचा. १०० ग्रॅममागे ७० ग्रॅम असतील, तर ८ ग्रॅमच्या चार बिस्किटांतून सुमारे २२ ग्रॅम जातात, म्हणजे जवळपास एका पोळीइतके. तेही बहुतेकदा मैद्याचे, फारशा चोथ्याशिवाय! चहासोबत खाल्लेली ही ‘पोळी’ जेवणात कुणी धरत नाही, आणि हिशेब तिथेच चुकतो.