तिसरीच्या वर्गातला तो तास: पालकांनी लिहिलेले अनुभव

निमंत्रण: तिसरीतल्या मुलाची आई

गेल्या महिन्यात माझ्या मुलाच्या वहीत एक परिपत्रक चिकटवून आले. पुढच्या सत्रात शरीर, सुरक्षितता आणि ओळख या विषयांवर सहा तासिका होणार असून पालकांनी संमतिपत्रावर सही करून पाठवावे, एवढाच त्यात मजकूर होता. त्यावरून बोलावलेली पालकसभा अडीच तास चालली आणि कोणाचेही समाधान न होता संपली. मी तिथे एक शब्दही बोलले नाही, पण घरी परतताना माझ्या लक्षात आले की भांडणारी माणसे एकाच गोष्टीवरून भांडत नव्हती. एका बाईंच्या मनात नको असलेल्या स्पर्शाबद्दल मुलांना सावध करणे होते, दुसरीच्या मनात मासिक पाळी होती, आणि तिसऱ्या गृहस्थांना भीती होती ती सात-आठ वर्षांच्या मुलांच्या डोक्यात मुलगा-मुलगी या ओळखीबद्दल गोंधळ उडण्याची. शब्द मात्र तिघांच्याही तोंडी एकच होता, ‘लैंगिक शिक्षण’.

म्हणून ही विनंती. मते सभेत पुष्कळ ऐकली. इथे प्रसंग लिहावेत. मूल काय म्हणाले, तुम्ही काय उत्तर दिले, शाळेने काय दाखवले आणि काय दाखवायचे टाळले, ते लिहावे. ज्यांचा विरोध आहे त्यांनी तर जरूर लिहावे, कारण आमच्या सभेत त्यांना मागासलेले ठरवून गप्प बसवले गेले आणि ते मला पटलेले नाही. मुलांची आणि शाळांची नावे कृपया लिहू नयेत.

पाचवीतल्या मुलीची आई

आधी कबुली देते. दोन वर्षांपूर्वी असेच संमतिपत्र आले होते आणि मी ‘नाही’ या चौकटीत खूण केली होती. अजून वेळ आहे, वेळ आली की मीच सांगेन, असा माझा विचार होता, आणि तो विचार करताना मी स्वतःला फार समंजस समजत होते.

मुलगी दहा वर्षे चार महिन्यांची असताना एका शनिवारी तिचे दप्तर रिकामे करताना तळाशी चित्रकलेच्या वहीच्या कागदात गुंडाळलेले अंतर्वस्त्र सापडले. दोन दिवस ती धावण्याच्या सरावातून स्वतःहून मागे राहिली होती आणि पाय दुखतो असे सांगत होती. जवळ घेऊन विचारल्यावर ती म्हणाली, “मी घसरगुंडीवरून पडले होते ना, तेव्हा आतून काहीतरी फाटलं असेल. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही.” हे वाक्य मी अजून विसरू शकलेले नाही. माझ्या मुलीने दोन दिवस आपण आतून फाटलो आहोत असे समजून शाळेत प्रार्थना म्हटली, गणिते सोडवली आणि डबा खाल्ला.

डॉक्टरांनी सांगितले की मुलींच्या शरीरातले हे बदल 8 ते 13 या वयात केव्हाही सुरू होऊ शकतात, छातीची वाढ बहुधा आधी दिसते आणि पाळी त्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी येते. आठच्या आधी बदल दिसले तरच तपासणी करून घ्यावी लागते. मी उलटी मोजणी केली. म्हणजे तिसरीतच तिच्या शरीराने सुरुवात केली होती, आणि नेमक्या त्याच वर्षी मी त्या कागदावर ‘नाही’ लिहिले होते. शाळेत हा विषय सर्वांसाठी सहावीत आहे. तिथेही मुलांना मैदानावर पाठवतात आणि फक्त मुलींना थांबवून घेतात, त्यामुळे परत आलेल्या मुलांना काहीतरी गुपित घडले एवढेच कळते आणि पुढचे चिडवणे त्यांना आपसूक सुचते.

दोन मुलींचे वडील

मी विरोध करणाऱ्यांपैकी आहे आणि अजूनही माझा विरोध पूर्ण मावळलेला नाही. शरीराची सुरक्षितता, पाळी, नको तो स्पर्श यांपैकी कशालाही माझी हरकत कधीच नव्हती. मी मुख्याध्यापिकांकडे फक्त एक मागणी केली होती, की जे शिकवणार आहात ते आधी आम्हाला दाखवा. “शिक्षकांवर विश्वास ठेवा,” असे उत्तर मिळाले. दुसऱ्यांदा पत्र लिहिले, तर साहित्य बाहेरच्या संस्थेने तयार केले असल्याने त्याची प्रत देता येणार नाही असे कळवले गेले. माझ्या मुलीला जो कागद दाखवायला कोणाची हरकत नाही, तो मला दाखवायला मात्र आहे, हा न्याय मला आजही समजलेला नाही.

शेवटी तो कागद मुलीनेच दप्तरातून आणला. त्यावर एक आडवी रेष होती. एका टोकाला मुलगा, दुसऱ्या टोकाला मुलगी, आणि ‘तुला आतून जसे वाटते तिथे खूण कर’ अशी सूचना. खाली मदतीसाठी चित्रे होती: चेंडू, बाहुली, फ्रॉक, गाडी. माझी धाकटी आठ वर्षांची आहे, केस आखूड ठेवते आणि दिवसभर फुटबॉल खेळते. रात्री झोपताना तिने विचारले, “बाबा, मग मी थोडी मुलगा आहे का?” खेळ मुलामुलींचे वेगळे नसतात हे आम्ही घरात तिला पाच वर्षे शिकवले होते. त्या कागदाने एका तासात चेंडू पुन्हा मुलांच्या टोकाला नेऊन ठेवला, आणि तोही पुढारलेपणाच्या नावाखाली.

तिसरीतल्या मुलाची आई

तुम्ही तिला काय उत्तर दिलेत, तेही लिहाल का?

प्राथमिक शिक्षिका, एकोणीस वर्षांचा अनुभव

पालकांचा राग मला समजतो, कारण वाईट रीतीने बनवलेले साहित्य आमच्याही हातात येते आणि आदल्या दिवशी येते. तरीही वर्गात प्रत्यक्ष काय घडते ते लिहिते.

पहिली अडचण शब्दांची असते. आपल्या भाषेत या अवयवांसाठी बाळबोध शब्द आहेत, शिवराळ शब्द आहेत आणि पाठ्यपुस्तकी शब्द आहेत; न लाजता, न हसता रोजच्या बोलण्यात उच्चारता येईल असा साधा शब्द मात्र नाही. मी फळ्यावर ‘कोपर, घोटा, शिश्न, योनी, मनगट’ अशी यादी लिहिते. पहिल्या दिवशी हशा थांबायला चार मिनिटे लागली. तिसऱ्या दिवशी मी घाईत यादी लिहिली तेव्हा एक मुलगा गंभीरपणे म्हणाला, “बाई, घोटा राहिला.” त्या दिवशी आम्ही अर्धी लढाई जिंकलो असे मला वाटले.

वर्गात प्रश्नपेटीही ठेवते. चिठ्ठ्यांमध्ये पालकांना वाटते तसे काही नसते. पोटातल्या बाळाला अंधाराची भीती वाटते का, जुळी कशी होतात, मोठ्या माणसांनी पप्पी मागितली तर द्यावीच लागते का, असे प्रश्न येतात. एकदा चार घड्या घातलेली एक चिठ्ठी आली, ती आतून कोरी होती. तिने मला बाकी सगळ्या चिठ्ठ्यांपेक्षा जास्त काळजीत टाकले.

युनेस्कोच्या मार्गदर्शिकेत (ती 2009 साली आली आणि 2018 साली सुधारली गेली) 5 ते 8, 9 ते 12, 12 ते 15 आणि त्यापुढे असे वयोगट पाडलेले आहेत, आणि सर्वांत लहान गटासाठी अवयवांची नावे, वेगवेगळी कुटुंबे, नको असलेला स्पर्श नाकारण्याचा आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगण्याचा हक्क, असे मुद्दे आहेत. अशा शिक्षणाने मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळतात हे अभ्यासांत दिसून आलेले नाही, हेही त्यातच नमूद आहे. माझी एक सुधारणा मात्र मी स्वतः केली आहे. मी ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ असे शिकवणे सोडले आणि ‘सुरक्षित, असुरक्षित’ असे शब्द घेतले, कारण गैरफायदा घेणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा असतो, त्याची सुरुवात गुदगुल्यांनी किंवा लाडाने होऊ शकते, आणि मुलाला तो स्पर्श सुरुवातीला वाईट वाटेलच असे नाही.

चौथीतल्या मुलाची आई

आम्ही मुलाला त्या तासातून वगळून घेतले होते. तो आणि आणखी तिघे ग्रंथालयात बसले. मधल्या सुट्टीत त्यांना वर्गमित्रांकडून सगळा तास ऐकायला मिळाला, आणि जे ऐकून तो घरी आला त्याची दुरुस्ती करायला मला पंधरा दिवस लागले. पुढच्या वेळी मी सही केली. उत्साहाने केली असे म्हणवत नाही.

एक वकील, पहिलीतल्या मुलाचे वडील

वगळून घेण्याच्या या हक्कावरूनच जगभर भांडण चालू आहे, म्हणून थोडे लिहितो. स्वीडनने हा विषय 1955 सालीच शाळांना सक्तीचा केला. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2020 पासून प्राथमिक शाळेत नातेसंबंधांचे शिक्षण सक्तीचे आहे आणि त्यातून मुलाला काढता येत नाही, पण लैंगिक शिक्षणाचा जो भाग शाळा त्यावर जोडते त्यातून पालक काढू शकतात. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात 2015 साली नवा अभ्यासक्रम आला तेव्हा पालकांनी मुले घरी ठेवली, 2018 साली सरकार बदलल्यावर तो मागे घेतला गेला, आणि 2019 साली आलेल्या अभ्यासक्रमात बराचसा भाग परतला. लिंगओळखीचा धडा मात्र आठवीत गेला. फ्लोरिडाने 2022 साली तिसरीपर्यंतच्या वर्गांत लैंगिक कल आणि लिंगओळख शिकवण्यावर कायद्याने बंदी घातली. जून 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी, धार्मिक कारणाने हरकत असलेल्या पालकांना अशा गोष्टींच्या पुस्तकांच्या तासातून मुलांना वगळून घेता आले पाहिजे अशी बाजू उचलून धरली. ते प्रकरण वाचताना मला जाणवले की शाळेने आधी पालकांना सूचना देण्याची आणि वगळण्याची मुभा ठेवली होती आणि नंतर ती काढून घेतली, तेव्हा वाद पेटला. वरच्या गृहस्थांची तक्रार तरी वेगळी कुठे आहे?

अकरा वर्षांच्या मुलाची आई

मी ‘मुलाची’ असे लिहिले आहे, कारण ‘मूल’ हा शब्द आम्हाला फार उपयोगी पडतो. जन्मदाखल्यावर मुलगी अशी नोंद आहे. पाच वर्षांचे असल्यापासून ते “मी जातो, मी झोपतो” असे बोलते. आधी आम्हाला गंमत वाटली. काही बोलींत बायकाही सरसकट “मी आलो” म्हणतात, असे सांगून आजीने विषय हसण्यावारी नेला. दुसरीत ‘माझा दिनक्रम’ हा निबंध तपासून आला तेव्हा त्यातल्या प्रत्येक ‘उठतो’, ‘धावतो’, ‘खेळतो’वर लाल शाईने काट मारून ‘ते’ केलेले होते. एकूण चौदा दुरुस्त्या होत्या, आणि खाली ‘व्याकरणाकडे लक्ष दे’ असा शेरा होता.

त्यानंतर शाळेत त्याच्या बोलण्यात एक बदल झाला, जो आमच्या ध्यानात यायला वर्ष लागले. ते “मी जाईन” म्हणू लागले, “मला जायचंय” म्हणू लागले, “मी वाचलं” म्हणू लागले. म्हणजे ज्या ज्या वाक्यात क्रियापद आपले लिंग उघड करत नाही, तेवढीच वाक्ये. सात वर्षांच्या मुलाने आपल्या भाषेतल्या पळवाटा अशा शोधून काढल्या की मला व्याकरण नव्याने कळले.

ते पुढे कोण असेल हे मला ठाऊक नाही. आमच्या डॉक्टरांनी घाईही करू नका आणि अडवूही नका असे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणात याला मानसिक आजारांत गणलेले नाही हे त्यांनीच समजावले, आणि 2024 साली इंग्लंडमध्ये डॉ. हिलरी कॅस यांनी दिलेल्या अहवालात लहान मुलांच्या बाबतीत सावधपणाचा आग्रह आहे हेही त्यांनीच दाखवले. शाळेने माझ्या मुलावर धडा शिकवावा अशी माझी मागणी नाही. सगळा वर्ग वळून त्याच्याकडेच पाहील. ती रेष असलेला कागद तर त्याच्यासमोर कधीही येऊ नये. ती लाल शाई तेवढी थांबावी.

दोन नातवंडांचे आजोबा

आमच्या वेळी हे काही नव्हते आणि आमचे काही अडले नाही, असे मी सभेत मोठ्याने म्हणालो. घरी आल्यावर पत्नी म्हणाली, “तुमचं अडलं नसेल.” तेवढे बोलून ती आत गेली.

नाव न लिहिता

मला मूल नाही, तरी लिहिते. मी सात वर्षांची असताना आईला म्हणाले होते, “काका त्रास देतात.” आई म्हणाली, “मग त्यांच्याशी खेळू नकोस.” आईची चूक नव्हती, माझ्याकडे दुसरा शब्द नव्हता आणि तिला माझ्या शब्दाचा अर्थ कळला नाही. फळ्यावर ‘कोपर’च्या शेजारी तो शब्द लिहिणाऱ्या शिक्षिका मला भेटल्या असत्या, तर मी आईला दोनदा सांगितले असते.

तिसरीतल्या मुलाची आई

शाळेला आम्ही बारा पालकांनी सह्या करून पत्र दिले. सहाही तासिकांचे साहित्य आठवडाभर कार्यालयाशेजारच्या खोलीत पाहायला ठेवले जाणार आहे. तीन विषयांसाठी तीन स्वतंत्र संमतिपत्रे मागितली होती. त्यावर अजून उत्तर आलेले नाही.

दोन मुलींचे वडील

वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर टाळले होते, ते आता लिहितो. मी तिला म्हणालो होतो, “तू मुलगीच आहेस, झोप आता.” त्यानंतर आठवडाभर तिने चेंडूला हात लावला नाही आणि मी त्याचे खापर शाळेवर फोडले. लाल शाईचा अनुभव वाचल्यावर काल तिला पुन्हा विचारले की तो कागद पाहून तुला नक्की काय वाटले होते. ती म्हणाली, “मला कुठेच खूण करायची नव्हती. पण बाई म्हणाल्या, कोरं ठेवायचं नाही.” कागद अजून माझ्याकडे आहे. तिने रेषेच्या खाली, चेंडूच्या चित्रावर खूण केली आहे. पुढच्या सभेला मी तो घेऊन जाणार आहे.