ट्रॉलीतल्या बाळाच्या सीटला कापडी कव्हर: आत काय भरू, भोकं कशी कापू?

राजिवड्याची सून:
मुलगी आठ महिन्यांची आहे, आधाराशिवाय नीट बसते. रत्नागिरीत महिन्याचं सामान भरायला जातो तिथल्या ट्रॉलीच्या सीटवर ती खूश असते, पण समोरचा दांडा सतत तोंडात. आधीच्या माणसाने त्याच हातांनी बांगडे उचलले होते की कांदे, कोण सांगणार! ऑनलाइन मिळतात ती कव्हरं सगळी जाड फोमची. मला घरीच शिवायचंय. पायाची मशीन आहे, सासूबाईंची सुती नऊवारी कपाटात पडून आहे, त्यांची परवानगीही मिळाली. अडलंय ते आत भरायचं काय, पायांची भोकं कशी कापायची आणि कापड दांड्यावरून सरकू नये म्हणून काय करायचं, यावर.

कुडाळची आत्या:
बाय माझे, आषाढात फोम काय सुकणा नाय! वरून कोरडा लागतो, आत ओल तशीच, मग कुबट वास आणि काळे ठिपके. माझं शिवणाचं दुकान होतं तेव्हा पावसाळ्यात पाळण्याच्या फोमच्या गाद्या घेऊन बायका यायच्या, नुसती खोळ बदलून द्या म्हणून. खोळ बदलून बुरशी जाते होय? तू जुना टर्किश टॉवेल घाल. एकच थर, बुडाखाली हवं तर दोन. पिळता येतो, पंख्याखाली सुकतो.

नऊवारी वरच्या बाजूला लाव, अंगाला मऊ. आधी उजेडासमोर धरून बघ, विरलेला भाग सोडून दे. खालच्या बाजूला मात्र मांजरपाटच, कारण ओढ सगळी तिथे बसते. मांजरपाट रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, इस्त्री कर, मगच कात्री लाव. कोरं कापड शिवलंस तर पहिल्या धुण्यात आटेल आणि साडी वर फुगून बसेल.

माप दुकानात जाऊन ट्रॉलीवरच घे. टेप दांड्याच्या बाहेरून सुरू करून आत सीटवर, तिथून पाठीवर आणि पाठीच्या पलीकडे, असा एका दमात ने. आडवं मापही तसंच. चारही बाजूंना वीतभर जास्त धर, वर्तमानपत्रावर आकार काढ, कोपरे गोल कर. कडेने नेफा करून इलॅस्टिक ओव, घेराच्या निम्म्याहून थोडं जास्त. गादीला घट्ट बसणारी चादर असते ना, तसं ते आपोआप धरतं. दांड्याखाली वेल्क्रोच्या दोन पट्ट्या दिल्यास की पोरीने ओढलं तरी हलणार नाही. टिचबटणं लावू नको. आपल्या खाऱ्या हवेत ती गंजतात, आणि गंजाचा डाग सुती कापडावरून सहज जात नाही.

आता भोकं. ती आधी कापूच नको. सगळे थर जोडून झाले की कव्हर ट्रॉलीवर चढव आणि खालून हात घालून खडूने खुणा कर. खुणेच्या कडेने दोन टिपा मार, आतला भाग काप, कडेला उरेब पट्टी, म्हणजे कापड तिरकं कापून केलेली, लाव. सरळ पट्टी गोलाईवर चुण्या पाडते. भोक जाळीतल्या मोकळ्या जागेपेक्षा किंचित मोठं असू दे, बुटासकट पाय जायला हवा. थर जाड होतात तिथे सोळा नंबरची सुई घाल आणि चाक हाताने फिरव.

मिऱ्याचा बाबा:
शिवणातलं मला कळत नाही, पण पट्ट्याचं सांगतो. कव्हर घातलं की ट्रॉलीचा पट्टा त्याखाली झाकला जातो आणि लोक तो लावतच नाहीत. पट्टा येतो त्या जागी दोन मोठी काजं ठेवा, बक्कल आरपार जाईल एवढी. कव्हरलाच शिवलेल्या पट्ट्याचा उपयोग नाही, तो बाळाला कापडाशी बांधतो, ट्रॉलीशी नाही. आणि पट्टा लावलेला असला तरी ट्रॉली सोडून लांब जाऊ नका. मूल बाहेर झुकलं की ट्रॉली कलंडू शकते. काही जण बाळाची कार सीट ट्रॉलीवर ठेवतात, ते तर नकोच.

राजिवड्याची सून:
काजांचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद. आत्या, आणखी एक. सावंतवाडीहून आणलेली लाकडी फळं आहेत. दांड्याच्या बाजूला नाडीने एक-दोन लटकवू का? तेवढीच रमेल.

कुडाळची आत्या:
लाकडी फळं घरात शोभेला ठेव. तिला दात येतायत, ती रंग चावणार, शिवाय छोटे देठ निघून हातात येतात. उरलेल्या नऊवारीचा काठ घेऊन त्याची जाड गाठ शिव आणि आखूड फितीने दांड्यापाशीच पक्की कर. फीत चार बोटांहून लांब नको, गळ्याभोवती जाईल अशी तर मुळीच नको.

आणि कव्हर धुताना वेल्क्रो मिटवून धू. उघडं राहिलं तर साडीचे धागे ओढून काढतं.