लेकरांना गोष्ट सांगावी का गोष्टवाल्याची कुंडली?

मास्तर_सेनगाव
आमच्या झेडपीच्या शाळेत वाचनकोपरा आहे, पुस्तकं बरी आलीत, लेकरं वाचायलेत बी. मी काय केलं, प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी डकवायलोय. लिहिणारा कोण, चित्रं काढणारा कोण, कुठल्या गावचा, पोटापाण्याला काय करायचा. पुरस्कारांची यादी नाही टाकत, ती मागच्या कव्हरवर असतीच आणि मोठी माणसं बी वाचत नाहीत. तर केंद्रातल्या एका सहकाऱ्यानं हटकलं, म्हणे लेकरांना गोष्टीशी मतलब, तुम्ही कुंडली कशाला मांडायले.

माझं म्हणणं, आपल्या लेकरांना पुस्तक म्हंजे पुण्या-मुंबईहून पोत्यात येणारी वस्तू वाटते. कोण्या तरी माणसानं बसून केलंय हे डोक्यातच येत नाही, मग आपण बी करावं हे कुठून येणार? परवा भज्जू श्यामचं सांगितलं. मध्यप्रदेशातल्या पाटणगडचा गोंड माणूस, भोपाळात रात्रीची वॉचमनकी केलेला. लंडनला एका हॉटेलच्या भिंती रंगवायला नेलं आणि तिथं जे दिसलं त्याचं २००४ ला पुस्तक झालं. त्यात बिग बेनचं घड्याळ म्हंजे कोंबडा, का तर गावाकडं टाइम कोंबडाच सांगतो. जमिनीखालची रेल्वे म्हंजे गांडूळ, आणि बस म्हंजे इमानी कुत्रं. आता हा माणूस कुठून आला हे माहीत नसंल तर घड्याळाचा कोंबडा का झाला हे लेकराला कसं कळावं? बोला.

तूरडाळ_लातूर
सर, हेतू चांगलाय पण मी तुमच्या सहकाऱ्याच्या बाजूनं. आमच्या लातूरला काहीबी हातात द्या, आम्ही त्याची एमसीक्यू करून टाकतो. आज तुम्ही हौसेनं चिठ्ठी लावली, उद्या कोणी तरी पेपर काढणार, "भज्जू श्याम यांचे गाव कोणते?" अ ब क ड. लेखक-परिचय नावाच्या चौकटीनं मराठीच्या पुस्तकातले चांगले चांगले धडे खाल्लेत, पाठ करा आणि विसरा. आम्ही चांदोबा फाटेस्तोवर वाचला, विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ अजून डोळ्यापुढं आहे, तो कोणी काढला हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. काय बिघडलं?

परभणीकर
@तूरडाळ हेच तर बिघडलं ना भाऊ! त्या माणसाचं नाव के. सी. शिवशंकरन, चित्राखाली नुसतं "शंकर". १९२४ चा जन्म, तमिळनाडूतल्या खेड्यातला, मद्रासच्या आर्ट कॉलेजात शिकलेला, चांदोबात साठ वर्षं चित्रं काढली आणि २०२० ला गेला. हातात तलवार, खांद्यावर मढं, मागं स्मशान, हे चित्र आपल्या दोन पिढ्यांनी पाहिलं आणि माणूस गेला तेव्हा गावात कोणाला पत्ता नाही. हिरोचा बड्डे बरा पाठ असतोय सगळ्यांना.

आणि जगात जर्मनी भारतात परभणी म्हणतात तर जर्मनीचं बी सांगून टाकतो. तो भुकेल्या सुरवंटाच्या पुस्तकवाला एरिक कार्ल. अमेरिकेत जन्मला, सहा वर्षांचा असताना आईबाप जर्मनीला घेऊन गेले, मग युद्ध. बाप फौजेत गेला तो रशियाच्या कैदेत अडकला, हा पंधराव्या वर्षी खंदक खणायला. त्याच्या चित्रकलेच्या मास्तरनं, हिटलरनं बंदी घातलेली रंगीबेरंगी चित्रं ह्याला गुपचूप दाखवली. ते वाचल्यावर १९६९ च्या त्या पुस्तकातला लाल-हिरवा-पिवळा मला निराळाच दिसायला लागला. मास्तर, तुम्ही चिठ्ठ्या लावा.

गोदाकाठ_नांदेड
मी दोन लेकरांची आई म्हणून बोलते. परभणीकर दादा, तुम्ही चांगलं चांगलं तेवढं निवडलं. मास्तरांची चिठ्ठी सगळं सांगणार आहे का? साने गुरुजींचं घ्या. श्यामची आई नाशिकच्या तुरुंगात १९३३ ला लिहिली, हे सगळे अभिमानानं सांगतात. १९५० ला त्यांनी स्वतःच जीवन संपवलं, हे पाचवीच्या लेकराला कोण सांगणार, कसं सांगणार? रोआल्ड डाल, इंग्रजीतला लेकरांचा इतका लाडका लेखक, ज्यू लोकांबद्दल इतकं वाईटसाईट बोलला होता की २०२० ला त्याच्या घरच्यांनी माफी मागितली. म्हणजे एक तर पूर्ण सांगा, नाहीतर सांगूच नका. अर्धं सांगून फोटोला हार घालायचा, त्यापेक्षा लेकरू गोष्ट वाचतंय ते वाचू द्या. कुतूहल वाटलं तर मोठं झाल्यावर शोधेल स्वतः.

मास्तर_सेनगाव
ताई, मुद्दा वजनदार आहे पण "पूर्ण नाहीतर शून्य" हे मला पटत नाही. आपण लेकरांना आजोबाची तरी पूर्ण गोष्ट सांगतो का? वयाप्रमाणं सांगतो. माझी चाळणी सोपी आहे, त्या पुस्तकात जे उतरलंय तेवढं चिठ्ठीवर. गुरुजींचा तुरुंग येतो, कारण आई आठवायला ती जागा आणि ती वेळ होती. शेवट सातवी-आठवीच्या पोरांनी विचारला तर सांगेन, दडवणार नाही.

कोयता_धारूर
मला दोन्ही पार्ट्यांचा राग यायलाय, म्हणून लिहितो. मास्तर, तुम्ही "वॉचमनकी केलेला" हे ज्या चवीनं लिहिलं ना, तीच आपली खोड आहे. गरीब होता, हाल काढले, वर आला, टाळ्या. भज्जू श्याम वॉचमनकी करून चित्रकार नाही झाला. त्याचे काका जनगडसिंग श्याम मोठे चित्रकार, त्यांच्या हाताखाली शिकला, आणि त्याच्या आधी घराच्या भिंतीवर चित्रं काढणारी आई-आजीची परंपरा. ते त्याचं कॉलेज! चिठ्ठीवर ते लिहा की. आमच्याकडं दिवाळी झाली की अर्धा वर्ग आईबापासोबत ऊसतोडीला जातो. त्या लेकरांना "गरिबीतून वर आला" हे ऐकून ऐकून वीट आलाय, ती गरिबी त्यांना शिकवायची गरज नाही. त्यांना पाचट माहीत आहे, त्याची कोपी म्हंजे झोपडी कशी बांधतात माहीत आहे, रात्री दोनला फडात गाडी भरताना उजेड कसा पडतो ते माहीत आहे. हे कोणाच्या चित्रात आहे? फास्टर फेणे मला बी आवडायचा, पण तो फुरसुंगीचं पोरगं असून सगळी मजा पुण्यात आल्यावर.

आणि तूरडाळ भाऊ, तुम्ही म्हणता कुंडली नको. तुम्हाला नको कारण पुस्तकातलं घर तुमच्या घरासारखं आहे. ज्याचं घर पुस्तकात नाही तो विचारणारच, हे कोण्या गावच्या माणसानं लिहिलंय म्हणून.

तूरडाळ_लातूर
कोयता भाऊ, माझं घर कुठलं पुस्तकातलं, पत्र्याचं होतं. पण असो.

परभणीकर
@कोयता आपल्याकडची माणसं नाहीतच असं बी नाही हां. इंद्रजित भालेराव शेतकऱ्याच्या घरातले, परभणीत प्राध्यापकी केली, लेकरांसाठी बी लिहिलं. नांदेडचे सुरेश सावंत, २०२५ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार. त्याच्या आदल्या वर्षी भारत सासणे, जन्म जालन्याचा, उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते तेच. लागोपाठ दोन वर्षं मराठवाडा! पण आमच्या गल्लीतल्या दहा लेकरांना विचारा, एकाला नाव येणार नाही.

औरंगपुऱ्याची_चित्रवाली
शिक्षक लोकहो, चित्रकाराचं नाव आधी शोधा, मग त्याची पार्श्वभूमी! स्वस्तातली बालपुस्तकं उघडून बघा, लेखकाचं नाव ठळक आणि चित्रं कोणाची ते किंमत-आवृत्तीच्या ओळीत बारीक अक्षरात, नाहीतर नाहीच. माधुरी पुरंदऱ्यांसारखं लिहिणं आणि चित्र एकाच हातचं असलं तर निभावतं. त्या मुंबईच्या जे.जे. आर्ट स्कूलमध्ये शिकल्या, मग पॅरिसला, नाटक केलं, गायल्या, फ्रेंच शिकवलं. त्यांच्या चित्रातली माणसं उभी कशी राहतात बघा, रंगमंचावर वावरलेल्या बाईनं काढलीत हे कळतं. निदान मला तरी कळतं.

आणि तोत्तोचान हे जपानी पुस्तक सगळ्यांनी वाचलं असेल, रेल्वेच्या डब्यातली शाळा. त्यातली पाणी सांडल्यासारखी हलकी चित्रं चिहिरो इवासाकीची. टोकियोवर बॉम्ब पडले त्यात तिचं घर गेलं, नंतर आयुष्यभर लेकरंच काढली. तोत्तोची शाळा पण १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांतच जळाली. हे माहीत झाल्यावर पुस्तक परत उघडा.

तूरडाळ_लातूर
ताई, हे उदाहरण तर माझ्या बाजूचं झालं! इवासाकी १९७४ ला वारली, पुस्तक आलं १९८१ ला. म्हंजे ती चित्रं त्या गोष्टीसाठी काढलेलीच नाहीत, तिच्या आधीच्या चित्रांतून निवडून लावलीत. तरी एकाबी लेकराला खटकत नाही, सगळ्यांना वाटतं ही तोत्तोच. मग पार्श्वभूमीनं काय काम केलं? चित्रानं केलं.

औरंगपुऱ्याची_चित्रवाली
ती चित्रं निवडली कोणी? लेखिकेनंच, तेत्सुको कुरोयानागीनं. तिनं हजारोंतून हीच बाई का धरली, ह्याचं उत्तर चित्रात नाही सापडत भाऊ, दोघींनी ते युद्ध पाहिलं होतं.

गोदाकाठ_नांदेड
हे मोठ्यांसाठी झालं हो. माझ्या सहा वर्षांच्या पोरीला बॉम्ब नको, तोत्तो हवी.

मास्तर_सेनगाव
ताई, मग असं करतो. चिठ्ठी पुढून काढून शेवटच्या पानावर लावतो, ज्याला गोष्ट संपल्यावर वाटलं तो वाचंल. कोयता भाऊ, भज्जूच्या चिठ्ठीवर काका आणि घरच्या भिंती बी येतील. पण चित्रकाराचं नाव पुढंच राहणार, मोठ्या अक्षरात, मार्करनं. त्याच्यावर मी काही हटत नाही.

तूरडाळ_लातूर
नावाला माझा इरोध कधीच नव्हता सर. फक्त ती चिठ्ठी तुमच्या केंद्रप्रमुखाच्या हाती लागू देऊ नका, नाहीतर पुढच्या महिन्यात तिची प्रश्नपत्रिका होती का नाही बघा.