मे महिन्यात पुण्यात फुकट काय पाहायचं?

दर्यापूरकडचा: राम राम मंडळी. मे मध्ये मोठ्या भावाकडे पुण्याला जाणार आहे, दोन पोरं सोबत. कापसाचे पैसे बियाण्यात जातात, म्हणून तिकिटाचे कार्यक्रम जमत नाहीत. फुकट किंवा स्वस्तातलं सांगा ना भाऊ.

वरुडची ताई: भाऊ, वसंत व्याख्यानमाला चुकवू नका!! न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, एप्रिल-मे मध्ये असते, टिळक रोडवर टिळक स्मारक मंदिरात, ऐकायला फार पैसे लागत नाहीत. मी गेली तेव्हा बाजूला एक आजोबा मांडीवर वही घेऊन बारीक अक्षरात टिपून घेत होते, माझा दहावीतला पोरगा आधी कंटाळला होता पण त्यांचं पाहून त्यानंही माझ्या पिशवीतलं किराण्याचं बिल काढलं अन् मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागला. ते बिल अजून ठेवलंय मी.

मोर्शीवाला: बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात चित्रांची प्रदर्शनं लागतात, तिथं बहुतेक वेळा फुकटच जाता येतं, पोरांना चित्रं जवळून पाहू द्या. व्याख्यानाला निघायच्या आधी त्या दिवसाचा वक्ता नि विषय पेपरात पाहून घ्या. अन् महाराष्ट्र एक्सप्रेस बडनेऱ्यावरून थेट पुण्याला जाते, रिझर्वेशन आत्ताच करा, सुट्टीत लय गर्दी राहते.

दर्यापूरकडचा: लय आभार ताई, भाऊ. मोठ्या पोरीला भाषणाची आवड आहे, शाळेत बोलते ती. तिच्यासाठी कोरी वही घेऊन ठेवतो.