कोळशाच्या धुळीने म्हाताऱ्या माणसाची ताकद जाते का?

काळी_माती: आमचं गाव वणी-घुग्गुस पट्ट्यात. घरासमोरून कोळशाचे ट्रक जातात, ताडपत्री अर्धी उघडीच. सकाळी झाडलेल्या ओसरीवर दुपारी बोट फिरवलं तर काळं होतं. बाबा ७३ वर्षांचे. मागच्या हंगामापर्यंत कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन वावरातून घरी यायचे. आता धुऱ्यापर्यंत जातानाच मध्ये बसतात, पाण्याची बादली उचलत नाही, धोतर सैल झालंय. खोकला फारसा नाही. दवाखान्यात "वय झालं" एवढंच सांगतात. पण बाबांहून मोठे माझे मामा तिकडे मेळघाटाच्या पायथ्याशी अजून निंदणाला जातात! धुळीने नुसता दमाच होतो की अंगातली ताकदही जाते? वावर इथंच आहे, गाव सोडता येत नाही. घरच्या घरी काय करू?

फिजिओ_यवतमाळ: "वय झालं" म्हणून सोडू नका. आपोआप घटलेलं वजन, सततचा थकवा, ढिली पकड, मंद चाल, कमी झालेली हालचाल या पाचांपैकी तीन गोष्टी असल्या तर डॉक्टर त्याला फ्रेल्टी म्हणतात. धुळीचा संबंध आहे. २.५ मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसाच्या तळाशी पोचतात, त्यातले अतिसूक्ष्म रक्तातही उतरतात. अंगात बारीक दाह कायम राहतो आणि स्नायू झिजत जातात. त्यात दम लागतो म्हणून माणूस चालणं कमी करतो, मग मांड्या वाळतात अन् थोडं चाललं तरी धाप लागते. खोकला नसला तरी हे होऊ शकतं.

तरी सगळं धुळीवर टाकू नका. वजन घटतंय, म्हणून आधी टीबीसाठी थुंकी, साखर आणि हिमोग्लोबिन तपासा. घरी एक करून पाहा: हात न टेकता खुर्चीवरून पाच वेळा उठबस. १५ सेकंदांहून जास्त लागले तर पायांची ताकद कमी झालीय.

आशाताई: भाऊ, ट्रक दिसते, चूल दिसत नाही. आमच्या गावात गॅसची शेगडी घरोघरी हाय, पन अंघोळीचं पानी अजून पऱ्हाटीवरच तापते. अन् हिवाळ्यात म्हातारा मानूस तिथंच शेकत बसते. तो धूरबी तसाच बारीक असते. बाबांची बाज आधी तिथून हलवा.

काळी_माती: ताई, अगदी असंच आहे, बाबा पहाटेपासून त्या चुलीपाशीच असतात. उद्यापासून पाणी गॅसवर. पहाटे फिरायला नेऊ का?

फिजिओ_यवतमाळ: हिवाळ्यात पहाटे नको, धूर-धूळ जमिनीलगत साचलेली असते. ऊन वर आलं की वावराच्या बाजूनं न्या, रस्त्यानं नको. दुपट्टा बांधून बारीक कण अडत नाहीत. ओसरी कोरडी झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसा. दोन्ही वेळच्या जेवणात घट्ट वरण, चालत असेल तर अंडं.

वर्धेचा_काठ: ग्रामसभेत ठराव घ्या. उघड्या ट्रकचे तारीख-वेळेसह फोटो प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्जासोबत द्या, पोच घ्या. "मर्यादेत आहे" म्हणाले तर विचारा, कुठली मर्यादा? या बारीक कणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५.

काळी_माती: अर्ज लिहितो. आज बाबांकडून उठबस करून घेतली, चौथ्या वेळी हात टेकले.

फिजिओ_यवतमाळ: मग जरा उंच खुर्ची घ्या, मागे भिंत असू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा. तीन-तीन वेळा, सकाळ-संध्याकाळ. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथंच थांबवा आणि दवाखाना गाठा.